दासीचे गीत आणि आमचे प्रवचन

नम्रतेवर प्रवचन करावयाचे झाले की आमचे धर्मगुरू व धर्मशिक्षक संत जनाबाईचा दाखला हमखास देतात. पांढुर्णा आणि सौंसर या मराठीभाषक तालुक्यांत ते स्वाभाविकही आहे. परंतु दाखला देताना आपण तिचे काव्य खरोखर वाचलेले असते काय?

गंगाखेड येथे शूद्र कुटुंबात जन्मलेली जनी, परंपरा सांगते त्याप्रमाणे, लहानपणीच पंढरपुरास दामाशेटींच्या घरी कामास राहिली. तिच्या नावावर ३०० हून अधिक अभंग आहेत. त्यांत ती दळते, कांडते, झाडते, शेण्या वेचते. आणि विठ्ठल तिच्याबरोबर हीच कामे करतो. दासी नम्र झाली, हा येथे मुद्दा नव्हे. देव खाली उतरला, हा मुद्दा आहे. हीच जनी देवाशी भांडते, त्याला शिव्याही देते, आणि डोईचा पदर ढळला तरी भर बाजारात जाईन म्हणते. आमच्या प्रवचनांतून नेमकी हीच जनी गळते.

दासीचे गीत ऐकावे आणि दासीला विसरावे, ही खोड केवळ आमची नव्हे. आफ्रिकेतून पळवून आणलेली फिलिस व्हीटली १७६१ साली, सातआठ वर्षांची असताना, बोस्टन येथे विकली गेली. १७७३ साली लंडनमध्ये तिचा कवितासंग्रह निघाला, तेव्हा कविता तिच्याच आहेत अशी बोस्टनच्या १८ प्रतिष्ठितांची ग्वाही त्यास जोडण्यात आली. त्यांत धर्मोपदेशकही होते. पुढे ती मुक्त झाली. तथापि दुसऱ्या संग्रहास प्रकाशक लाभला नाही आणि १७८४ साली ती दारिद्र्यातच वारली. विकत घेतलेली गुलाम आणि घरची दासी यांची स्थिती एक नव्हे. परंतु दोघींच्या भक्तीचे कौतुक सोपे ठरले, त्यांच्या दास्याचा विचार मात्र अवघड.

फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात ख्रिस्ताने दासाचे रूप घेतले असे पौल सांगतो. ते स्वेच्छेने घेतलेले होते. जनीचे दास्य तिने निवडलेले नव्हते. हा भेद पुसून लादलेल्या दास्यालाच सद्गुण म्हणणे हा सुवार्तेचा विपर्यास होय. जनीच्या काव्यातही जाते सुटत नाही, ही त्याची मर्यादा मान्य करावी. पण तेथे देव खुंट्याला हात लावतो.

संत्र्याच्या बागेत वा कपाशीच्या शेतात दिवसभर राबून सायंप्रार्थनेस आलेल्या भगिनीला नम्रता शिकविण्यापूर्वी, तिच्या खुंट्याला आपला हात कधी लागला काय, हे उपदेशकाने प्रथम स्वतःस विचारावे.