'वॉल्डन'मधील घेवड्याचे शेत : एका जमाखर्चाचे वाचन

हेन्री डेव्हिड थोरो ४ जुलै १८४५ रोजी मॅसॅच्युसेट्समधील काँकर्ड गावाजवळच्या वॉल्डन तळ्याकाठी राहावयास गेला आणि ६ सप्टेंबर १८४७ रोजी तेथून परतला. ह्या वास्तव्यावर आधारलेला 'वॉल्डन' हा त्याचा ग्रंथ १८५४ मध्ये प्रसिद्ध झाला. मराठी वाचकांस तो मुख्यतः दुर्गा भागवत यांच्या 'वॉल्डनकाठी विचारविहार' ह्या अनुवादामुळे परिचित आहे. ह्या ग्रंथाविषयी दोन मते वारंवार मांडली जातात. एका मतानुसार तो साध्या राहणीचा व स्वावलंबी शेतीचा आदर्श होय. दुसऱ्या मतानुसार ते एक सोंग होय. कारण गाव हाकेच्या अंतरावर होते आणि हा वनवासी अधूनमधून गावात जेवावयास जात असे. पहिले मत ग्रंथाला मार्गदर्शक पुस्तिका समजते, तर दुसरे लेखकाच्या चरित्रावर खटला चालविते. गावातील जेवणाची कबुली ग्रंथातच दिलेली असल्यामुळे दुसऱ्या मतातील आरोपाला शोधाचे मोलही उरत नाही. दोन्ही पक्षांनी ज्याकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही, तो भाग म्हणजे थोरोने स्वतः छापलेला शेतीचा जमाखर्च. तो बारकाईने वाचल्यास ग्रंथाचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा ही दोन्ही एकाच ठिकाणी सापडतात.

पहिल्या प्रकरणात हा हिशेब अर्ध्या सेंटापर्यंत मांडलेला आहे. सुमारे अडीच एकर हलक्या, वाळूमिश्रित जमिनीत थोरोने मुख्यतः पांढरा घेवडा लावला. थोड्या भागात बटाटे, मका, वाटाणा व सलगम ही पिके घेतली. नांगरट, वखरणी व सऱ्या काढणे यांसाठी बैलजोडी व माणूस भाड्याने घ्यावा लागला, त्याचे ७.५० डॉलर झाले. कुदळीचे ५४ सेंट, घेवड्याच्या बियाण्याचे ३ डॉलर १२½ सेंट आणि कावळ्यांना अडविण्यासाठी बांधलेल्या पांढऱ्या दोरीचे २ सेंट. एकूण खर्च १४ डॉलर ७२½ सेंट. घेवडा विकून १६.९४ डॉलर आले. बटाटे, गवत व कडबा धरून एकूण उत्पन्न २३.४४ डॉलर झाले. शिल्लक राहिली ८ डॉलर ७१½ सेंट. त्याच काळात जमीनमोजणी, सुतारकाम व रोजंदारी यांतून त्याला १३.३४ डॉलर मिळाले होते. म्हणजे निव्वळ पैशाच्या दृष्टीने पाहता शेतीपेक्षा मजुरीच त्याला अधिक लाभदायक ठरली. रोजंदारी हाच सर्वांत स्वतंत्र व्यवसाय असून वर्षाकाठी सुमारे सहा आठवड्यांच्या कामात आपला चरितार्थ चालतो, असे तो स्वतःच प्रतिपादन करतो. शिवाय पिकविलेला घेवडा तो खात नसे. तो देऊन तांदूळ घेत असे. मग हे शेत केलेच कशासाठी, हा प्रश्न हिशेबातूनच उपस्थित होतो.

ह्या प्रश्नाचे उत्तर शोधताना हिशेबातील पहिला रिकामा रकाना दृष्टीस पडतो. कोणत्याही वस्तूची खरी किंमत म्हणजे तिच्यासाठी वेचावे लागणारे आयुष्य, ही थोरोच्या अर्थविचारातील मूळ व्याख्या होय. परंतु ज्या प्रकरणात ही व्याख्या येते त्याच प्रकरणातील शेतीच्या हिशेबात त्याने स्वतःच्या श्रमाचा एक तासही मांडलेला नाही. व्याख्या एक आणि जमाखर्च दुसऱ्याच नियमाने, अशी ही विसंगती प्रथमदर्शनी वाटते.

तथापि घेवड्याच्या शेताविषयीचे सातवे प्रकरण वाचले म्हणजे ह्या विसंगतीचा अर्थ पालटतो. तेथे हा जमाखर्च पुन्हा छापला आहे, आणि पहिल्या प्रकरणात जो रकाना रिकामा होता तो तेथे गद्यात भरला आहे. ओळींची एकूण लांबी सात मैल. पहाटे पाचपासून दुपारपर्यंत चाललेली खुरपणी. दवाने ओल्या झालेल्या वाळूत अनवाणी पावले. वाटसरूंनी उशिरा पेरणी केल्याबद्दल केलेली टीका. पाव एकर पीक फस्त करणारे वुडचक नावाचे बिळात राहणारे प्राणी. कुदळीला लागून वर येणारी मूळ रहिवाशांच्या बाणांची टोके. तणांशी चाललेल्या झगड्याला तो ट्रॉयच्या युद्धाचे रूप देतो, आणि गावातून ऐकू येणाऱ्या लष्करी बँडमुळे आपल्याही अंगात वीरश्री संचारल्याचे उपरोधाने सांगतो. हे सर्व वर्णन केवळ निसर्गशोभेसाठी आलेले नाही. ह्या शेतात किती आयुष्य वेचले गेले आणि त्या बदल्यात काय मिळाले, याची ती नोंद आहे. म्हणूनच प्रकरणाच्या अखेरीस वुडचकांनी खाल्लेला घेवडाही तो निव्वळ तोट्यात धरीत नाही. आणि पुढच्या उन्हाळ्यात घेवड्याऐवजी सचोटी, सत्य, साधेपणा यांचे बी पेरण्याचा संकल्प सांगून, ते बी किडके निघाले व उगवले नाही, अशी कबुलीही तो लगेच देतो. उपदेशकाला ही कबुली परवडली नसती. हिशेब लिहिणाऱ्याला ती टाळता येत नाही. पहिले आणि सातवे प्रकरण परस्परांना पूरक आहेत, आणि ती एकत्र वाचली तरच हा जमाखर्च पुरा होतो.

दुसरा रकाना जमिनीचा. तळ्याकाठची ही जमीन इमर्सनच्या मालकीची होती. थोरो तेथे खंड न देता राहिला. घराच्या २८ डॉलर १२½ सेंट खर्चातही लाकूड, दगड व वाळू यांची किंमत धरलेली नाही, हे तो उघड सांगतो. जमिनीला खत घातले नाही. कारण आपण मालक नसून तात्पुरते वहिवाटदार आहोत व पुन्हा एवढी लागवड करण्याचा आपला विचार नाही, असे कारण तो देतो. ह्याच भूमीत पूर्वी मूळ रहिवाशांनी मका व घेवडा पिकविला होता आणि त्यामुळे ह्या पिकापुरता तिचा कस काहीसा कमी झाला असावा, हेही त्याला ठाऊक आहे. दुसऱ्या वर्षी त्याने सुमारे एकतृतीयांश एकरच कुदळला आणि निष्कर्ष काढला की, साधेपणाने राहणाऱ्यास थोडीशी जागा पुरते. जुन्या जागेला खत घालण्यापेक्षा अधूनमधून नवी जागा निवडणे बरे. हा निष्कर्ष वरवर काटकसरीचा आहे. पण नवी जागा सदैव उपलब्ध राहील, हे त्यात गृहीत आहे. जेथे पिढीगणिक शेताचे तुकडे पडत गेले, तेथील वाचकाला हे गृहीतक तत्काळ खटकावे. साधेपणाचा हा खर्च जमिनीने सोसला, आणि तो हिशेबात आला नाही. मात्र तो लपविलेलाही नाही, हे नमूद केले पाहिजे.

तिसरा रकाना कुटुंबाचा, आणि तेथे ग्रंथ खरोखर उणा पडतो. दहाव्या प्रकरणात जॉन फील्ड हा आयरिश मजूर भेटतो. पत्नी व अनेक मुले यांच्यासह तो गळक्या झोपडीत राहतो. शेजारच्या शेतकऱ्याची दलदलीची जमीन तो एकरी १० डॉलर दराने खणतो. शिवाय ती जमीन एक वर्ष खतासह वापरण्याची त्याला मुभा आहे. चहा, कॉफी, लोणी, दूध व मांस सोडले तर एवढे राबावे लागणार नाही, असे थोरो त्याला समजावतो. स्वतःपुरते हे गणित बिनचूक आहे. पण एकट्या, निरोगी, सुशिक्षित व ऋणमुक्त माणसाचे गणित त्याने येथे एका कुटुंबाला लावले. आपल्या शेतात पदराला खार लागला तरी थोरोला बिघडणार नव्हते. फील्डच्या पदरात मुले होती. येथे व्याख्या बदलत नाही, परंतु आयुष्य कोणाचे वेचले जाते हा प्रश्नच विचारला जात नाही. सातव्या प्रकरणातील उपरोध स्वतःवर रोखलेला होता. ह्या प्रकरणात तो दुसऱ्याच्या दारिद्र्याकडे वळतो आणि त्यामुळे शैलीही कठोर बनते. साहित्यदृष्ट्या हा ग्रंथातील दुबळा भाग होय, आणि त्या दुबळेपणाचे मूळ हिशेबातच आहे.

भारतीय शेतीच्या अभ्यासकांना हे रकाने अपरिचित नाहीत. कृषी खर्च व मूल्य आयोगाच्या परिभाषेत शेतकऱ्याने प्रत्यक्ष केलेला खर्च 'ए-२' ह्या संज्ञेत येतो. त्यात घरच्या माणसांच्या श्रमाचे मोल मिळविले म्हणजे 'ए-२ अधिक एफएल' होते. आणि स्वतःच्या जमिनीचा खंड व भांडवलावरील व्याज धरले म्हणजे 'सी-२'. थोरोचे १४ डॉलर ७२½ सेंट हे जवळजवळ शुद्ध 'ए-२' आहेत. त्याची शिल्लक टिकते ती पुढचे रकाने बंद ठेवल्यामुळेच. हमीभावासंबंधी होणाऱ्या वादाचा गाभाही नेमका हाच आहे की, घरच्या बाईमाणसांनी केलेली खुरपणी आणि वडिलोपार्जित जमीन ह्यांचे मोल धरावयाचे किंवा नाही. थोरोने ज्या गोष्टी स्वेच्छेने फुकट दिल्या, त्याच गोष्टी लहान शेतकऱ्याकडून व्यवहार फुकट घेत असतो. दोहोंतील राहणी सारखीच साधी दिसली तरी पहिली निवड आहे आणि दुसरी सक्ती.

म्हणून शेतीकडे व साध्या राहणीकडे वळण्याचा संदेश देणाऱ्या कोणत्याही लेखनाची कसोटी ह्याच तीन रकान्यांवर व्हावयास हवी: श्रम कोणाचे, जमीन कोणाची, आणि पीक बुडाल्यास उपाशी कोण राहणार. 'वॉल्डन' ह्या कसोटीला पूर्णपणे उतरत नाही. परंतु कसोटीचे साधन त्यानेच पुरविले आहे, ही त्याची थोरवी मान्य करावी लागते. ज्या ग्रंथाने आपले आकडे अर्ध्या सेंटापर्यंत वाचकासमोर ठेवले, त्याच्यातील उणीव त्याच्याच आकड्यांनी दाखविता येते. ज्या लेखनात आकडेच नसतात, त्याच्याविषयी फार तर श्रद्धा बाळगता येते किंवा अश्रद्धा. त्याची चिकित्सा करता येत नाही.