एकट्याचा प्रश्न आणि गावाचा प्रश्न

भ्रष्टाचाराचे चित्रण मराठी वाङ्मयाला आणि चित्रपटाला नवे नाही. सत्तेची साठमारी, कारखान्यांचे राजकारण, कचेऱ्यांतील टेबलाखालचे व्यवहार हे सारे आपल्या लेखकांनी धीटपणे मांडले आहे. परंतु या व्यवहाराला जाब विचारणारा माणूस आपल्या कलाकृतींत कसा दिसतो, हे पाहू लागले की एक गोष्ट डोळ्यांत भरते. तो माणूस बहुधा एकटा असतो. आणि बहुधा तो मोडलेला असतो.

विजय तेंडुलकरांची पटकथा आणि जब्बार पटेलांचे दिग्दर्शन लाभलेला ‘सामना’ १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात गेला. त्यातील मास्तर आठवावा. डॉ. श्रीराम लागूंनी उभा केलेला हा वृद्ध, व्यसनात बुडालेला भटक्या माणूस साखरसम्राट हिंदुराव धोंडे पाटलाच्या राज्यात येऊन पडतो. हिंदुराव त्याला आसरा देतो, आपले वैभव दाखवतो. मास्तराला मात्र नाहीशा झालेल्या मारुती कांबळेची वार्ता लागते आणि मग त्याचे काय झाले, हा एकच प्रश्न तो विचारीत राहतो. निळू फुल्यांचा हिंदुराव आणि लागूंचा मास्तर यांची जुगलबंदी अविस्मरणीय आहे, यात शंका नाही. पण या जुगलबंदीच्या भोवती जे गाव आहे, त्याचे काय? गावाला बरेच ठाऊक असावे असे वाटत राहते. परंतु गाव बोलत नाही. प्रश्न विचारायला बाहेरचा माणूस यावा लागतो, आणि तोही असा की ज्याच्यापाशी गमावण्यासारखे काही उरलेले नाही.

‘सिंहासन’ची कथा यापुढची आहे. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांवर आधारलेल्या १९७९च्या या चित्रपटातील दिगू टिपणीस हा पत्रकार. मंत्रालयातील प्रत्येक दरवाजा त्याला उघडा आहे; कोण कोणाला पाडणार, पैसा कोठून कोठे जातो, हे सारे त्याला कळते. शेवटी या जाणत्या माणसाचाच तोल सुटतो आणि तो भर रस्त्यात वेड्यासारखा हसत सुटतो. माहिती आहे, पण तिचा उपयोग नाही, या अवस्थेचे इतके भेदक चित्र मराठीत दुसरे क्वचितच असेल.

या दोन्ही कलाकृती मोठ्या आहेत, याविषयी दुमत नसावे. त्यांच्या काळाशी त्या प्रामाणिक होत्या. त्या काळी सरकारी कागद हा सरकारचाच होता; १९२३चा शासकीय गुपितांचा कायदा त्याच्यावर पहारा देत होता. गावच्या रस्त्यावर किती खर्च झाला, हे विचारण्याचा अधिकार नागरिकाला कोणत्याही कायद्याने स्पष्टपणे दिला नव्हता. तेव्हा मास्तराने कोणती कचेरी गाठावी आणि दिगूने कोणता कागद पुढे करावा? तरीसुद्धा एक आक्षेप नोंदवावासा वाटतो. एकट्या नायकाचा पराभव पाहून प्रेक्षक हळहळतो, आणि ही हळहळच त्याला मोकळे करते. आपण अंधारात बसून पाहत होतो, आपल्याला कोणी काही विचारले नाही, असे समाधान घेऊन तो घरी परततो.

हे सारे नव्याने जाणवले ते अरुणा रॉय आणि मजदूर किसान शक्ती संघटन यांनी मिळून सिद्ध केलेले ‘द आरटीआय स्टोरी : पॉवर टू द पीपल’ हे २०१८ साली प्रसिद्ध झालेले इंग्रजी पुस्तक वाचताना. हे पुस्तक ललित नाही. ती एका चळवळीची हकीगत आहे. पण आपल्या कलाकृतींनी सोडून दिलेला धागा ही हकीगत नेमका उचलते. एकट्याचा प्रश्न गावाचा कसा होतो, हे येथे पाहावयास मिळते.

अरुणा रॉय यांनी १९७५ साली भारतीय प्रशासन सेवेचा राजीनामा दिला. १९८७ साली निखिल डे आणि शंकर सिंह यांच्यासह त्या राजस्थानातील देवडुंगरी या लहानशा गावी मातीच्या घरात राहावयास गेल्या. १ मे १९९० रोजी संघटना स्थापन झाली. भांडण होते मजुरीचे. दुष्काळी कामावर राबलेल्या मजुरांना किमान वेतन मिळत नव्हते, आणि विचारले तर उत्तर येई, की तुम्ही कामच कमी केले, कागदावर तसे आहे. तो कागद मात्र दाखवला जात नसे. येथेच या लोकांना मर्म सापडले. आपल्या गरिबीचा पुरावा ज्या कागदात बंद आहे, तो कागद आधी उघडला पाहिजे.

२ डिसेंबर १९९४ रोजी कोटकिराना येथे पहिली जनसुनावणी झाली. तंबूखाली गाव जमले. हजेरीपत्रके आणि बिले मोठ्याने वाचून दाखवण्यात आली, आणि ज्यांची नावे वाचली गेली त्यांनीच उभे राहून सांगितले, की या कामावर आम्ही कधी गेलोच नाही. कागदावर पूर्ण झालेल्या इमारतीला छप्परच नव्हते, हे समोर बसलेल्या प्रत्येकाला दिसत होते.

वाङ्मयाच्या अभ्यासकाला हा प्रसंग विलक्षण वाटावा असा आहे. येथे नाट्य आहे, संघर्ष आहे, रहस्याचा उलगडा आहे. पण नायक नाही. प्रेक्षकही नाही, कारण समोर बसलेला प्रत्येक जण साक्षीदार आहे. ‘सामना’तले गाव मुके होते. कोटकिरानाचे गाव बोलू लागले, ते अचानक धैर्य आले म्हणून नव्हे. प्रत्येकाच्या शेजारी दुसरा बसला होता आणि मध्ये कागद होता, म्हणून ते बोलू लागले. धैर्याला असा आधार लागतो, ही या पुस्तकाची सर्वांत मोलाची शिकवण मला वाटते.

पुस्तकातील दुसरा गुण त्याच्या भाषेचा आहे. या चळवळीची भाषा वकिलांनी घडवलेली नाही. जेमतेम प्राथमिक शाळा शिकलेली सुशीला ही कार्यकर्ती दिल्लीत पत्रकारांपुढे बसली असता तिला विचारण्यात आले, की तुला हा अधिकार कशासाठी हवा? तिच्या उत्तराचा आशय असा, की मुलाला दहा रुपये देऊन बाजारात पाठवले तर परतल्यावर मी त्याच्याकडे हिशेब मागते. सरकार माझ्या नावाने कोट्यवधी रुपये खर्च करते, मग मी त्याचा हिशेब मागू नये काय? ‘हमारा पैसा, हमारा हिसाब’ ही घोषणा याच स्वयंपाकघरातील शहाणपणातून आली आहे. शंकर सिंहांच्या बाहुल्या, रस्त्यावर निघालेली उपहासाची ‘घोटाळा रथयात्रा’, गाणी या साऱ्यांनी चळवळीला हसते ठेवले. दिगूचे हसणे वेड्याचे होते. हे हसणे शहाण्यांचे आहे.

५ एप्रिल १९९५ रोजी मुख्यमंत्री भैरोसिंह शेखावत यांनी विधानसभेत कागदपत्रांच्या नकला देण्याचे आश्वासन दिले. वर्ष उलटले तरी आदेश निघाला नाही, तेव्हा ६ एप्रिल १९९६ पासून ब्यावर येथे चाळीस दिवसांचे धरणे झाले. पुढे राजस्थानाने २००० साली कायदा केला. महाराष्ट्रातील २००२चा कायदा प्रत्यक्ष अंमलात यावा म्हणून अण्णा हजारे यांना आंदोलन करावे लागले. आणि १२ ऑक्टोबर २००५ पासून केंद्राचा माहिती अधिकार कायदा लागू झाला. दहा रुपयांचा अर्ज आणि तीस दिवसांची मुदत, इतक्या साध्या शब्दांत तो सामान्य माणसापर्यंत पोहोचला.

पुस्तकाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. त्याचा भर कायदा होईपर्यंतच्या वाटचालीवर आहे, आणि त्यामुळे वाचकाच्या मनावर विजयाचा ठसा उमटतो. शिवाय ज्यांच्या बोलीतून ही चळवळ उगवली, त्यांचे शब्द इंग्रजीतून वाचताना मातीचा वास उणावतो. मराठीत या विषयावर असेच सविस्तर, लोकांच्या तोंडचे लेखन व्हावे, ही उणीव आपल्याला बोचली पाहिजे.

कारण विजयानंतरची कथा कठीण आहे. पुणे जिल्ह्यातील तळेगाव दाभाडे येथे जमिनींच्या व्यवहारांची माहिती काढणारे सतीश शेट्टी यांची १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी फिरावयास गेले असताना हत्या झाली. मारुती कांबळे काल्पनिक होता, शेट्टी नव्हते. कायदा हाती असूनही प्रश्न एकट्याच्या खांद्यावर राहिला, तर तो मास्तराच्या वाटेनेच जातो, हे या मृत्यूने दाखवून दिले. कायद्यालाही पुढे चिमटे बसले. २०१९च्या दुरुस्तीने माहिती आयुक्तांचा कार्यकाळ आणि वेतन ठरवण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे गेला. व्यक्तिगत माहिती व्यापक लोकहितासाठी उघड करण्याची वाट मूळ कायद्याच्या त्याच कलमात ठेवलेली होती. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने ते कलम आखडून टाकले. हजेरीपत्रक म्हणजे अखेर नावांचीच यादी. ती नावे वाचता आली नसती, तर कोटकिरानाला कोण उभे राहिले असते?

म्हणून वाचकांना एवढेच सुचवावेसे वाटते. ‘सामना’ पुन्हा पाहावा, आणि या वेळी मास्तराकडे न पाहता मागे उभ्या असलेल्या गावाकडे पाहावे. त्या गर्दीत आपला चेहरा शोधावा. आपल्या ग्रामसभेत जमाखर्च वाचला जातो तेव्हा आपण तेथे असतो काय? कोणी एखादा उठून प्रश्न विचारतो, तेव्हा त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी तर नसते ना? मराठीतला पुढचा मोठा लेखक कदाचित एकट्या मास्तराची कथा लिहिणार नाही. तो त्या शेजारच्या खुर्चीची लिहील. ती त्याला खरी वाटावी, यासाठी आधी त्या खुर्चीवर कोणीतरी बसलेले असले पाहिजे.