नाते : साधन की सोबत? अँड्र्यू रूट यांच्या युवासेवाविचाराची चिकित्सा

प्रास्ताविक

चर्चमधील किशोरवयीन मुलामुलींचे नेतृत्व करणे हे काम वरकरणी साधे वाटते. आठवड्यातून एकदा मुलांना जमवावे, खेळ घ्यावेत, गाणी म्हणावीत, पवित्र शास्त्रातील एखादा उतारा समजावून सांगावा आणि वर्षाकाठी एखादे शिबिर भरवावे, एवढेच त्याचे स्वरूप असल्याचा सर्वसाधारण समज आहे. अमेरिकेत मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या कामाला स्वतंत्र व्यवसायाचे रूप आले. त्यासाठी पूर्णवेळ युवासेवक नेमले जाऊ लागले, ईशविद्येच्या संस्थांत अभ्यासक्रम सुरू झाले आणि मार्गदर्शनपर ग्रंथांची एक मोठी परंपराच निर्माण झाली. या परंपरेतील बहुतेक ग्रंथ ‘हे काम कसे करावे’ याचे उत्तर देतात. ‘हे काम कशासाठी करावे’ हा प्रश्न मुळापासून विचारणाऱ्या ग्रंथांत अँड्र्यू रूट यांच्या ‘रिव्हिजिटिंग रिलेशनल यूथ मिनिस्ट्री’ (२००७) या ग्रंथाचे स्थान महत्त्वाचे आहे. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातील ल्यूथर सेमिनरीत अध्यापन करणाऱ्या रूट यांनी पुढे ‘बोनहॉफर अ‍ॅज यूथ वर्कर’ (२०१४) या ग्रंथात तोच विचार जर्मन ईशविद्यावेत्ते डीट्रिख बोनहॉफर यांच्या चरित्राच्या आधारे विस्ताराने मांडला.

प्रौढ व्यक्तीने मुलाशी जोडलेले नाते हे त्याला कोठेतरी नेण्याचे साधन आहे की ते नाते स्वतःच मोलाचे आहे, हा रूट यांच्या विचाराचा गाभा होय. प्रस्तुत लेखात या विचाराची चिकित्सा ११ ते १४ या वयोगटाच्या संदर्भात केली आहे. रूट यांची टीका मर्मग्राही आहे. परंतु या कोवळ्या वयाच्या बाबतीत केवळ नात्याची शुद्धता पुरेशी नसून नात्याला पदाची आणि संस्थेची मर्यादाही आवश्यक असते, आणि या मर्यादेचा विचार बोनहॉफर यांच्याच लेखनात सापडतो, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

१. मधल्या शाळेचे वय

‘मिडल स्कूल’ हा वयोगट चर्चने निर्माण केलेला नाही. तो शाळेने निर्माण केला. अमेरिकेत ओहायो राज्यातील कोलंबस येथे १९०९ मध्ये ‘ज्युनियर हायस्कूल’ ही स्वतंत्र पायरी सुरू झाली. ही पायरी म्हणजे माध्यमिक शाळेची लहान प्रतिकृती ठरत असल्याची टीका वाढत गेली आणि १९६३ मध्ये विल्यम अलेक्झांडर यांनी या वयाच्या गरजांना अनुरूप अशा ‘मिडल स्कूल’ची कल्पना मांडली. सर्वसाधारणपणे सहावी ते आठवी असे त्याचे स्वरूप रूढ झाले. चर्चने हे विभाजन जसेच्या तसे स्वीकारले. वेन राइस यांचा ‘ज्युनियर हाय मिनिस्ट्री’ (१९७८) हा ग्रंथ या वयोगटाकडे चर्चने स्वतंत्र लक्ष द्यावे असा आग्रह धरणाऱ्या आरंभीच्या ग्रंथांपैकी एक होय.

या वयाचे वेगळेपण केवळ शारीरिक नाही. जेम्स फाउलर यांनी ‘स्टेजेस ऑफ फेथ’ (१९८१) या ग्रंथात श्रद्धेच्या विकासाचे टप्पे सांगितले आहेत. शालेय वयातील मूल कथा शब्दशः घेते; देव न्यायी आहे, चांगल्याचे चांगले आणि वाइटाचे वाईट होते, अशी त्याची धारणा असते. किशोरावस्थेच्या उंबरठ्यावर ही धारणा डळमळू लागते आणि तिची जागा अशी श्रद्धा घेते की जी मुख्यत्वे आपल्या माणसांच्या नजरेतून घडलेली असते. मूल स्वतःला इतरांच्या आरशात पाहू लागते. याचा अर्थ असा की, ज्या काळात मुलाच्या मनात पहिले खरे प्रश्न उभे राहतात, त्याच काळात ते इतरांच्या पसंतीवर सर्वाधिक अवलंबून असते. मधल्या शाळेच्या वयाचे नाजूकपण या योगायोगात आहे.

ख्रिश्चन स्मिथ व मेलिंडा लंडक्विस्ट डेंटन यांच्या ‘सोल सर्चिंग’ (२००५) या समाजशास्त्रीय अभ्यासाचा येथे उल्लेख करणे क्रमप्राप्त आहे. दूरध्वनीवरील व्यापक पाहणी आणि २६७ सविस्तर मुलाखती यांवर आधारलेल्या या अभ्यासात असे आढळले की, अमेरिकन किशोरांपैकी बहुसंख्य धर्माला विरोध करीत नाहीत. परंतु आपण काय मानतो हे त्यांना शब्दांत सांगता येत नाही. देव हवा, पण अडचणीपुरता; धर्म म्हणजे चांगले वागणे आणि बरे वाटणे, अशा स्वरूपाची त्यांची श्रद्धा असते. मुलांच्या धार्मिक जीवनावर आईवडिलांचा प्रभाव सर्वांत मोठा असतो, हाही या अभ्यासाचा एक महत्त्वाचा निष्कर्ष होय. तथापि, ही पाहणी १३ ते १७ वयाच्या मुलांची आहे. अकरा-बारा वर्षांची मुले तिच्या कक्षेबाहेर राहतात. किशोरांविषयीचे निष्कर्ष मधल्या शाळेच्या मुलांना सरसकट लावण्याची जी प्रवृत्ती या ग्रंथव्यवहारात दिसते, तिची मर्यादा येथेच स्पष्ट होते.

२. प्रभावाचे साधन म्हणून नाते

जिम रेबर्न यांनी १९४१ मध्ये टेक्सास राज्यात ‘यंग लाइफ’ ही संस्था स्थापन केली. मुले चर्चमध्ये येतील याची वाट न पाहता त्यांच्या शाळेत, मैदानावर, त्यांच्या घोळक्यात जावे. आधी मैत्री करावी आणि आपले म्हणणे ऐकवण्याचा अधिकार त्या मैत्रीतून मिळवावा, हे रेबर्न यांचे सूत्र होते. त्या काळी हे पाऊल धाडसाचे होते. मुलांना बाकावर बसवून उपदेश करणाऱ्या परंपरेला त्याने छेद दिला. मुलांच्या जगाची दखल घेणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे, ही गोष्ट त्याने चर्चला शिकवली. पुढे नात्यावर आधारलेली युवासेवा ही जवळजवळ सर्वमान्य पद्धती झाली.

रूट यांचा आक्षेप या सूत्रातील एका शब्दावर आहे, असे म्हणता येईल. मैत्री जर ‘अधिकार मिळवण्या’साठी असेल, तर ती मैत्री राहत नाही, ती गुंतवणूक होते. मुलाने अपेक्षित प्रतिसाद दिला नाही, ते शिबिराला आले नाही, त्याने विश्वास स्वीकारला नाही, तर त्या गुंतवणुकीचे काय? व्यवहाराच्या तर्कानुसार ती काढून घेऊन अन्यत्र लावली जाते. समजा, एखादी बारा वर्षांची मुलगी सहा महिने नियमाने येत होती आणि घरातील कलहामुळे अचानक येईनाशी झाली. साधनवादी दृष्टीने पाहता ती आता उपस्थितीपटावरील एक रिकामा रकाना असते. वास्तविक तिला प्रौढ माणसाच्या सोबतीची गरज त्याच क्षणी सर्वाधिक असते. रूट यांची टीका या विसंगतीवर नेमके बोट ठेवते.

पर्याय म्हणून ते बोनहॉफर यांची एक संकल्पना पुढे आणतात. दुसऱ्याच्या जागी उभे राहणे, असा मूळ जर्मन संज्ञेचा आशय आहे. रूट यांच्या मांडणीत तिला ‘दुसऱ्याच्या जागेत सहभागी होणे’ असे रूप येते. मराठीत तिला ‘स्थानसहभाग’ म्हणता येईल. ख्रिस्ताने मनुष्याची जागा घेतली ती त्याला पटवण्यासाठी नव्हे, तर त्याच्याबरोबर राहण्यासाठी. म्हणून युवासेवकाने मुलाच्या दुःखात सहभागी होणे हेच त्याचे कार्य होय, असा हा विचार आहे. या सहभागात माणूस दुसऱ्यासाठी खुला असावा, परंतु त्याने स्वतःचे वेगळेपण गमावू नये, हेही रूट नमूद करतात.

३. झायन चर्चमधील वर्ग

या विचाराचा प्रत्यक्ष पुरावा म्हणून बर्लिनमधील झायन चर्चच्या दृढीकरण वर्गाची हकीकत महत्त्वाची आहे. एबरहार्ड बेथ्गे यांनी लिहिलेल्या बोनहॉफर-चरित्रामुळे ती सर्वश्रुत झाली. १९३१ च्या शरद ऋतूत पंचवीस वर्षांच्या बोनहॉफर यांच्याकडे शहराच्या गरीब, कामगार वस्तीतील सुमारे पन्नास मुलांचा वर्ग सोपवण्यात आला. मुलांचे वय चौदाच्या आसपास, म्हणजे मधल्या शाळेच्या वरच्या टोकाचे होते. जर्मनीतील बेकारांची संख्या त्या हिवाळ्यात साठ लाखांवर गेली होती. शाळा संपल्यावर यांतील अनेकांपुढे काम नव्हते.

वृद्ध पाळक नव्या शिक्षकाला घेऊन जिना चढत असता वरच्या मजल्यावरील मुलांनी त्यांच्यावर कचरा टाकला. पाळकांनी मुलांना कसेबसे वर्गात कोंबले आणि ते निघून गेले. मुलांनी शिक्षकाच्या नावाचा गजर सुरू केला. बोनहॉफर खिशात हात घालून भिंतीला टेकून उभे राहिले. काही वेळाने त्यांनी समोरच्या काही मुलांनाच ऐकू जाईल अशा आवाजात न्यूयॉर्कमधील हार्लेम वस्तीची गोष्ट सांगावयास आरंभ केला. आदल्याच वर्षी तेथील कृष्णवर्णीय चर्चमध्ये त्यांनी रविवारच्या शाळेत शिकवले होते. मागची मुले ऐकण्यासाठी गप्प झाली.

पुढे त्यांनी त्याच वस्तीत खोली भाड्याने घेतली. संध्याकाळी मुले तेथे येत, बुद्धिबळ खेळत, इंग्रजी शिकत. त्यांनी मुलांच्या घरी जाऊन आईवडिलांच्या भेटी घेतल्या. दृढीकरणाच्या दिवशी घालावयाच्या पोशाखासाठी कापडाचा तागा आणून मुलांना कापड वाटून दिले. १३ मार्च १९३२ रोजी दृढीकरणाचा विधी झाला. त्याच दिवशी जर्मनीत राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीचे मतदान होते आणि हिटलर त्यात उमेदवार होता.

४. मूल्यमापन

या हकीकतीतून रूट यांच्या विचाराला निश्चितच बळ मिळते. वस्तीत राहावयास जाणे ही पद्धती नव्हती, तो सहवास होता. तरीही तिचे वाचन तीन बाबतींत अधिक सूक्ष्मपणे होणे आवश्यक आहे.

पहिली बाब आशयाची. हा वर्ग अखेर शिक्षणाचा वर्ग होता. त्याला निश्चित विषय होता, ठरलेला काळ होता आणि शेवटी मंडळीसमोर उभे राहून मुलांनी द्यावयाची कबुली होती. नाते विरुद्ध शिकवण असा विरोध त्यात नाही. नात्यावरील अतिरिक्त भर शिकवणीला दुय्यम ठरवू लागला, तर ‘सोल सर्चिंग’ने दाखवून दिलेली मुकी श्रद्धाच त्यातून पुन्हा निपजेल. मुलाच्या दुःखात सहभागी होणे आवश्यक आहेच. परंतु त्या दुःखाविषयी बोलण्यासाठी त्याला भाषा देणे हाही सहभागाचाच भाग होय.

दुसरी बाब सामाजिक स्थानाची. बोनहॉफर बर्लिनमधील प्रतिष्ठित प्राध्यापकाचे पुत्र होते. दुसरी खोली भाड्याने घेणे आणि कापडाचा तागा आणणे त्यांना शक्य होते. शिवाय हा वर्ग काही महिन्यांत संपला. सामान्य चर्चमध्ये हे काम नोकरी-संसार सांभाळून आठवड्याचे दोन तास देणारे स्वयंसेवक करतात. त्यांच्यापुढे स्थानसहभागाचा आदर्श ठेवताना तो एकट्या व्यक्तीवर न टाकता संपूर्ण मंडळीने वाटून घ्यावा, हे स्पष्टपणे सांगणे गरजेचे आहे. अन्यथा उत्साही युवासेवक दोन-तीन वर्षांत थकतो, निघून जातो आणि ज्या मुलांनी त्याच्यावर भरवसा ठेवला त्यांच्या वाट्याला आणखी एक ताटातूट येते.

तिसरी बाब सर्वांत गंभीर आहे. प्रौढ आणि बारा वर्षांचे मूल यांचे नाते समानांचे नसते. शुद्ध हेतूनेही त्यातील विषमता नाहीशी होत नाही. उलट नाते जितके जवळचे, तितकी मुलाला ‘नाही’ म्हणण्याची शक्ती कमी होते. इतरांच्या पसंतीवर जगण्याच्या या वयात, आवडत्या ताईदादाला नकार देणे म्हणजे स्वतःचा आरसा फोडणे होय. रूट मर्यादेचा विचार करतात, पण ती मर्यादा मुख्यत्वे युवासेवकाच्या व्यक्तित्वात शोधतात. प्रत्यक्षात ती व्यक्तीच्या बाहेर असावी लागते.

याविषयीचे मार्गदर्शन खुद्द बोनहॉफर यांच्याकडेच मिळते. हिटलर चान्सेलर झाल्यानंतर दोनच दिवसांनी, १ फेब्रुवारी १९३३ रोजी, त्यांनी तरुण पिढी आणि ‘नेता’ ही संकल्पना या विषयावर नभोवाणीवरून भाषण केले. भाषण पूर्ण होण्यापूर्वीच प्रक्षेपण तुटले. जो नेता स्वतःला अनुयायांचे दैवत होऊ देतो तो नेता न राहता भुलवणारा ठरतो; खऱ्या नेत्याने आपल्या पदाची मर्यादा दाखवून अनुयायांना स्वतःच्या जबाबदारीकडे वळवावे, असा त्याचा आशय होता. हा विचार राजकीय संदर्भात मांडला असला, तरी झायन चर्चमधील वर्ग संपून वर्षही झालेले नसताना तो मांडला गेला, ही गोष्ट लक्षणीय आहे. मुलांच्या इतक्या निकट गेलेल्या शिक्षकाला निकटतेतील धोकाही दिसत होता.

हा प्रश्न तात्त्विक नाही. अमेरिकेतील सदर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शनने नेमलेल्या स्वतंत्र चौकशीचा अहवाल २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी घेऊन आलेल्यांना वर्षानुवर्षे दाद मिळाली नाही, हे त्यातून पुढे आले. विश्वास हाच जेथे पाया असतो, तेथे विश्वासाची तपासणी करणारी व्यवस्था नसेल, तर त्याची किंमत सर्वांत दुर्बल घटकाला मोजावी लागते. भारतात २०१२ च्या पॉक्सो कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्तीला बालक मानले असून अत्याचाराची माहिती असणाऱ्यावर ती कळवण्याचे बंधन घातले आहे. रविवारची शाळा असो, वसतिगृह असो वा महाविद्यालयाचे शिबिर असो, हे बंधन सर्वत्र सारखेच आहे. मुलाबरोबर बंद खोलीत एकट्या प्रौढाने न बसणे, पालकांना माहिती असणे, तक्रार ऐकणारी व्यक्ती वेगळी असणे, हे नियम नात्यावरील अविश्वासाचे द्योतक नाहीत. ते स्थानसहभागाचेच संस्थात्मक रूप होत. कारण ते मुलाच्या जागी उभे राहून केलेले असतात.

समारोप

रूट यांनी युवासेवेच्या विचाराला ‘किती मुले आली’ या हिशेबातून बाहेर काढून ‘आलेल्या मुलाबरोबर कोण आहे’ या प्रश्नाकडे वळवले. हे त्यांचे योगदान मोठे आहे आणि ते चर्चपुरते मर्यादित नाही. निकाल, उपस्थिती व मूल्यांकनाची आकडेवारी यांत विद्यार्थ्याला साधन बनवणारी प्रत्येक शिक्षणसंस्था त्यातून काही घेऊ शकेल. मात्र मधल्या शाळेच्या वयासाठी हा विचार जसाच्या तसा अपुरा पडतो. या वयातील मुलाला सोबत हवी, भाषा हवी आणि संरक्षणही हवे. पहिली गोष्ट माणूस देतो, दुसरी परंपरा देते आणि तिसरी संस्थेने द्यावयाची असते. बोनहॉफर यांचे वस्तीतील घर आणि त्यांचे अर्धवट तुटलेले भाषण एकत्र वाचले, तरच त्यांच्याकडून युवासेवेने घ्यावयाचा धडा पुरा होतो.