पापुद्र्याचा मान

पाककृती हेही वाङ्मयच आहे, असं माझं प्रामाणिक मत आहे. त्यात नायक असतो, ऐनवेळी घात करणारं मीठ असतं आणि 'चवीनुसार' नावाचं गूढ असतं. पण आपले समीक्षक कवितेचा पिच्छा सोडायला तयार नाहीत. म्हणून हे काम बी. कॉम. झालेल्या एका बँकेतल्या कारकुनाच्या अंगावर आलं आहे. आजचा विषय : कोम्बुचाच्या विरजणाचं वाङ्मय.

कोम्बुचा म्हणजे आंबवलेला कोरा गोड चहा. रशियात त्याला 'चायनी ग्रीब' म्हणतात. चायनी म्हणजे चिनी नव्हे, चहाची. ग्रीब म्हणजे अळंबी. तिथे मोठ्या काचेच्या बरणीला फडकं बांधून हा चहा घरोघरी आंबवत. जपानात मात्र 'कोंबुचा' मागितलात तर समुद्री वनस्पतीचं पेय पुढ्यात येतं. शिवाय ही मुळात अळंबी नाहीच. ती यीस्ट आणि जिवाणू यांची भागीदारीतली फर्म आहे. थोडक्यात, खातं पहिल्यापासूनच भलत्याच्या नावावर!

या वाङ्मयाचा पहिला दोष म्हणजे इतिहास. सुरुवातीला दोन हजार वर्षांपूर्वीचा चिनी सम्राट, मग ४१४ साली जपानच्या सम्राटाला बरं करणारा कोंबू नावाचा कोरियन वैद्य. पुरावा? काही नाही. आमच्याकडे स्कूटरच्या कर्जालासुद्धा यापेक्षा जास्त कागद लागतात.

दुसरा दोष आरोग्याचा. संधिवातापासून टकलापर्यंत सगळं बरं होतं म्हणे. एडझार्ड अर्न्स्ट या संशोधकाने २००३ साली पुरावे तपासले, तेव्हा माणसांवर केलेली एकही धड चाचणी त्याला सापडली नाही. २०२३ साली अमेरिकेतली एक चाचणी प्रसिद्ध झाली. तीत मधुमेही होते बारा. एवढी माणसं तर आमच्या काउंटरपुढे जेवणाच्या सुट्टीत उभी असतात!

पण हे दोष मी माफ करीन. तिसरा नाही.

जवळजवळ प्रत्येक कृती 'एक स्कोबी घ्या' अशी सुरू होते. स्कोबी म्हणजे बरणीत वर तरंगणारा जाड, बुळबुळीत पापुद्रा. त्याला 'आई' म्हणायचं, त्याचे फोटो काढायचे. प्रत्यक्षात जिवाणूंनी विणलेली ती सेल्युलोजची चटई आहे. खरं काम खाली पाण्यात चालतं. यीस्ट साखर फोडून थोडं मद्य करतं, जिवाणू त्या मद्याचं आम्ल करतात. पापुद्रा फेकून दिलात तरी नुसत्या आंबट पाण्यातून नवा येतो. गोल बरणीत गोल, चौकोनी बरणीत चौकोनी. वर तरंगायचं, दिवसेंदिवस जाड व्हायचं आणि खालच्यांच्या कामाचं श्रेय घ्यायचं, हा प्रकार मला कुठेतरी पाहिल्यासारखा वाटतो. असो. प्रमोशनची यादी अजून लागायची आहे.

चेष्टा पुरे. जुनं आंबट पाणी हाच या कृतीचा पहारेकरी. त्याच्या आम्लामुळे बुरशी लांब राहते. आणि आमचे लेखक शेवटी लिहितात, 'असल्यास थोडं जुनं पाणी घालावं.' असल्यास! वाचक बिचारा नुसता पापुद्रा साध्या गोड चहात सोडतो आणि बुरशीला आयतं केळवण मिळतं. १९९५ साली अमेरिकेतल्या आयोवात हे पेय रोज पिणाऱ्या दोन बायका गंभीर आजारी पडल्या. त्यांतली एक दगावली. दोष पेयाचाच, हे सिद्ध झालं नाही. पण ज्या गोष्टीत सावधगिरीचा शब्द मोलाचा, तिथे 'असल्यास' लिहू नये.

चांगली कृती चार ओळींची असते. एक लिटर पाणी, दोन चमचे चहा, सत्तर ग्रॅम साखर. पूर्ण गार झाल्यावर वाटीभर जुना आंबट कोम्बुचा. झाकण नको, फडकं. जिवाणूंना हवा लागते. आठवडाभर थांबावं. विरजण नसेल तर विकतच्या कच्च्या, बिनस्वादाच्या कोम्बुचात तेवढाच गार गोड चहा घालावा. दोन-तीन आठवड्यांत पातळ साय धरते. त्यावर कोरडी, केसाळ बुरशी दिसली तर सगळंच ओतून द्यावं. इथे काटकसर नको.

सँडॉर कॅट्झच्या 'द आर्ट ऑफ फर्मेंटेशन' (२०१२) या जाडजूड ग्रंथाचं मला कौतुक वाटतं, ते याचसाठी. चमच्यांच्या हिशेबापेक्षा त्यात क्रिया समजावण्यावर भर आहे.

आपल्याकडे विरजण मागायला आलेल्या शेजारणीने 'सायीचा तुकडा द्या' असं कधी म्हटलं नाही. ती चमचाभर दही मागायची, आणि फुकट न्यायची. तेव्हा लेखकांना माझी नम्र सूचना : पुढच्या आवृत्तीत पहिली ओळ बदला. 'वाटीभर आंबट पाणी घ्या. पापुद्रा येईल तेव्हा येईल.'