पहिलीचा वर्ग शेवटी का?

शासननिर्णय हेही वाङ्मयच आहे. तो कुणाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिला, हे त्याच्या शब्दांतून कळते. कोविडमुक्त गावांत आठवी ते बारावीचे वर्ग उघडण्याविषयीचा ७ जुलै २०२१ चा निर्णय मी याच दृष्टीने वाचतो. गावात महिनाभर रुग्ण नसावा, सरपंचाच्या अध्यक्षतेखालील समितीने पाहावे, एका बाकावर एकच विद्यार्थी बसवावा, असे तो सांगतो.

गावाला विचारले, हे त्याचे मोठेपण. पण जिथे तपासणीच पोचली नाही, तिथे ‘रुग्ण नाही’ याचा अर्थ काय? गडचिरोलीच्या आश्रमशाळांत अनेक टोल्यांतली मुले एकत्र राहतात. तिथे एका गावाचा निकष कसा पुरावा? आणि सतरंजीवर बसणाऱ्या मुलाला बाक कुठला?

माझा खरा आक्षेप क्रमावर आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये नववी ते बारावी, जानेवारी २०२१ मध्ये पाचवी ते आठवी. पहिली ते चौथीची पाळी आली १ डिसेंबर २०२१ ला. लहान मुलांना या रोगाचा गंभीर धोका कमी, हे तोवर कळून चुकले होते. घरच्या म्हाताऱ्यांविषयीची भीती खोटी नव्हती. पण घरात पहिल्यांदाच पाटी आलेल्या मुलाला रेंज नसलेल्या टोल्यावर अक्षर कोण शिकवणार?

१८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा फुल्यांनी प्राथमिक शिक्षणाला अग्रक्रम मागितला होता. आपण वरून खाली उतरलो. पुढच्या साथीत पहिलीचा वर्ग सर्वांत शेवटी बंद व्हावा आणि सर्वांत आधी उघडावा, ही मागणी आपण आजच मांडली पाहिजे.