कोणाला विचारलं, हे आधी बघा: पेप ३७४ वाचताना

लिटरेचर रिव्ह्यू म्हणजे जर्नलमधले पेपर वाचायचे, असं आपण धरून चालतो. पण दोन-तीन पर्यायांची तुलना कशी करावी, आणि ती कुठे फसते, हे मला नीट कळलं ते कुठल्याच जर्नलमध्ये न छापलेल्या एका दस्तऐवजातून. त्याचं नाव पेप ३७४.

पायथॉन भाषेत किंवा तिच्या कामकाजात मोठा बदल सुचवायचा तर लेखी प्रस्ताव मांडतात, त्याला पेप म्हणतात. या पेपचा प्रश्न असा: पायथॉनचा स्वतःचा सोर्स कोड कुठल्या व्हर्जन कंट्रोल सिस्टिममध्ये ठेवायचा? म्हणजे कोणी, कधी, काय बदललं याची नोंद ठेवणारी व्यवस्था कोणती? २००८ मध्ये ते सबव्हर्जन वापरत होते. त्यात सगळा इतिहास एका सर्व्हरवर, आणि बदल कमिट करायची परवानगी फक्त कोअर डेव्हलपरना. बाहेरच्या माणसाने महिनाभर काम केलं तरी मधल्या टप्प्यांची नोंद ठेवायला त्याला जागा नाही. डिस्ट्रिब्युटेड सिस्टिममध्ये अख्खा इतिहास प्रत्येकाच्या मशीनवर येतो, आणि परवानगीची वाट न बघता आपल्या कॉपीत कमिट करता येतं. उमेदवार तीन होते: बझार, मर्क्युरियल आणि गिट.

आधी चांगलं ते सांगते. लेखकांनी फीचर्सची यादी करून मार्क दिले नाहीत. रोजची कामं घेतली (कोड उतरवणं, जुन्या व्हर्जनमध्ये दुरुस्ती नेणं, दोघांनी मिळून नवं फीचर करणं) आणि प्रत्येक सिस्टिममध्ये तेच काम कसं होतं, ते कमांडसकट शेजारी शेजारी मांडलं. वेग मोजताना तर स्वतःच बजावलं, की सबव्हर्जनशी ही थेट तुलना नाही, कारण ते पूर्ण इतिहास उतरवतच नाही. आपल्या आकड्याची मर्यादा आकड्याच्या शेजारीच लिहिणं, हे तुम्ही उचलाच.

आता माझी अडचण. गिट नाकारायला तीन कारणं दिली आहेत. विंडोजवरचा सपोर्ट तिघांत सगळ्यात कच्चा, कोअर डेव्हलपरना ते सगळ्यात कमी आवडतं, आणि इतर सगळं सारखं असेल तर पायथॉनमध्ये लिहिलेलं टूल बरं. दुसऱ्या कारणासाठी एक सर्व्हे आहे. गिटबद्दल ५ जण बाजूने, १ तटस्थ, ८ विरोधात, आणि १३ जणांना माहितीच नाही. मर्क्युरियलला १५ बाजूने, १ तटस्थ, १ विरोधात, १० अनभिज्ञ. एकूण २७.

तुम्ही लगेच म्हणाल, जवळजवळ निम्म्यांना गिट माहीतच नव्हतं, मग निकाल कसला? पण थांबा. ते १३ वगळून मोजा, तरी मर्क्युरियलच पुढे राहतं. खरी गोची आकड्यांत नाही, विचारलं कोणाला यात आहे. सिस्टिम बदलायचं एक मोठं कारण होतं कमिटची परवानगी नसलेल्यांची सोय. मत घेतलं मात्र परवानगी असलेल्यांचं.

बझार की मर्क्युरियल, हे ठरवताना तर पुरावा आणखी पातळ होतो. सर्व्हेच्या जोडीला आधार काय, तर २००९ च्या पायकॉन परिषदेत बरेच जण ब्रेट कॅनन यांना येऊन सांगून गेले की मर्क्युरियल घ्या. जो स्वतः उठून सांगायला येतो तो सगळ्यांचा प्रतिनिधी नसतो. शेवटी कॅनन आणि पायथॉनचे जनक ग्विडो व्हान रॉसम यांनी मर्क्युरियलवर शिक्कामोर्तब केलं आणि २०११ मध्ये कोड तिकडे गेला.

२०१७ च्या फेब्रुवारीत तोच कोड गिटहबवर, म्हणजे गिटवर आला. बाहेरून योगदान देणाऱ्यांना ते आधीच सवयीचं होतं, हे त्यामागचं एक कारण. 'बघा, चुकलेच ना!' असं मात्र म्हणू नका. पुढे काय झालं यावरून आधीचा निर्णय चूक ठरत नाही. तेव्हा हातात काय होतं यावर तो जोखायचा. माझा आक्षेप २००९ मध्येही तितकाच लागू होता.

हे मला टोचतं, कारण मीही हेच केलंय. पहिल्या वर्षी लॅबचा डेटा ठेवायची पद्धत ठरवायची होती. मी चारही सिनियरना विचारलं, सगळ्यांचं एकमत, मी खूश. वर्षभरात ते थिसिस देऊन गेले आणि ती पद्धत नव्या ज्युनियर्सच्या गळ्यात पडली. त्यांना ती कळेना, मला समजावून सांगता येईना. ज्यांना ती पुढे वापरायची होती, त्यांच्यापैकी एकालाही मी विचारलं नव्हतं.

तुमच्या सिनॉप्सिसमध्ये सर्व्हे असेल तर एका कागदावर दोन ओळी लिहा. माझ्या निर्णयाचा परिणाम कोणावर होणार? आणि मी विचारलं कोणाला? या दोन ओळी जुळत नसतील तर आधी सॅम्पल बदला. नाहीतर हाच प्रश्न व्हायवात समोरून येईल.