फायनल हरला असता तर?

‘हूजियर्स’ या १९८६च्या सिनेमातला सगळ्यात खरा प्रसंग मैदानावर घडत नाही. इंडियानातल्या छोट्या गावात शाळेच्या बास्केटबॉल टीमचा कोच ठेवायचा की काढायचा, यावर गावकरी मतदान करतात. कौल कोचच्या, म्हणजे जीन हॅकमनच्या, विरोधात जातो. तेवढ्यात गावातला सगळ्यात भारी खेळाडू येऊन सांगतो, कोच राहिले तरच मी खेळेन. झालं, कौल फिरतो!

सिनेमा आपल्याला कोचच्या बाजूनं उभं करतो खरा, पण त्याला बरोबर ठरवतो तो शेवटी राज्याचं विजेतेपद देऊन. म्हणजे मोजपट्टी चिडलेल्या गावाचीच. फायनल हरला असता, तर चार पास झाल्याशिवाय बास्केटकडे बघायचं नाही ही त्यानं लावलेली शिस्त फुकट गेली असती का?

हा प्रश्न केंटकी विद्यापीठाच्या चाहत्यांना टाळता आला नाही. जॉन कॅलिपरी यांनी २०१२मध्ये राष्ट्रीय विजेतेपद आणलं. पण २०२२मध्ये सेंट पीटर्स आणि २०२४मध्ये ओकलंड या तुलनेनं छोट्या कॉलेजांनी त्यांच्या टीमला एनसीएए स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत घरी पाठवलं. आठ विजेतेपदं मिरवणाऱ्या चाहत्यांचा संयम सुटला. २०२४च्या एप्रिलमध्ये कॅलिपरी आर्कान्सोला गेले.

चाहत्यांचा राग मला खोटा वाटत नाही. पण बाद फेरीतल्या एका सामन्यावर कोचला जोखणं म्हणजे रिलीजच्या रात्री आलेल्या एका बगवरून वर्षाचं अप्रेझल लिहिणं.

‘हूजियर्स’नं फायनल हरवून गावाला पुन्हा मतदान करायला लावायला हवं होतं. तो सिनेमा मला बघायचाय.